छोटी डिझेल एसयूव्ही घेताय? आधी घरची वही उघडा

उंच गाडी, दमदार इंजिन आणि इंधनाची बचत… जाहिरातीत सगळेच छान दिसते. पण डिझेल गाडी प्रत्येक घराला मानवतेच असे नाही. आपल्या घराला ती मानवेल का, हे शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी कसे ओळखाल?

रविवारी दुपारची जेवणे आटोपली, की अनेक घरांत हल्ली हा विषय निघतो. जुनी छोटी गाडी आता पुरत नाही. मुले मोठी झाली आहेत. आजींचे गुडघे दुखतात, खाली वाकून गाडीत बसताना त्यांना त्रास होतो. गावाकडचा रस्ता खड्ड्यांचा. मग कुणीतरी म्हणते, "एक उंच गाडी घेऊ या, एसयूव्ही!" लगेच पुढचा प्रश्न येतो, पेट्रोल की डिझेल?

आजोबा ठामपणे सांगतात, "डिझेलच घ्या. स्वस्तात पळते." मुलगा मोबाईलवर काहीतरी वाचून सांगतो, "डिझेल आता संपलं बाबा, कोणी घेत नाही." सूनबाई विचारतात, "हप्ता किती येईल ते आधी सांगा." गंमत म्हणजे तिघांचेही थोडे थोडे बरोबर असते. तरीही या वादातून उत्तर सापडत नाही, कारण तिघेही गाडीबद्दल बोलत असतात. आपल्या घराच्या रस्त्याबद्दल, म्हणजे आपण रोज कुठे, किती आणि कसे जातो याबद्दल कोणीच बोलत नाही. डिझेलचा निर्णय खरे तर तिथेच होतो.

आजोबांचे गणित कधीचे?

आजोबांचे म्हणणे चुकीचे नाही, फक्त ते जुन्या भावांवर बेतलेले आहे. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या वर गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे तब्बल ३२ रुपयांचा फरक! त्या काळात डिझेल गाडी न घेणाऱ्यालाच लोक वेड्यात काढत. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि हे अंतर आटत गेले.

याच काळात छोट्या एसयूव्हींची लाट आली. त्यामागे कराचे एक साधे कारण होते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या, पेट्रोलवर १२०० सीसी आणि डिझेलवर १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांना करात सवलत मिळाली. कंपन्यांनी मग त्या चौकटीत बसतील अशा उंच गाड्या बनवल्या. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा आणि २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन. सुरुवातीला ब्रेझा तर केवळ डिझेलवरच मिळत असे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले. डिझेलच्या धुरातले सूक्ष्म कण आरोग्याला किती घातक असतात, हे तोपर्यंत स्पष्ट झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले होते. नव्या नियमांत बसण्यासाठी डिझेल गाडीला महागडी गाळणयंत्रणा लावणे भाग पडले आणि छोट्या डिझेल गाडीची किंमत वाढली. मारुती, रेनॉ, फोक्सवॅगन आणि स्कोडा यांनी आपल्या छोट्या डिझेल गाड्या थांबवल्या.

पण 'डिझेल संपलं' हेही खरे नाही. चार मीटरच्या आतल्या वर्गात टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किया सॉनेट आणि सायरॉस, महिंद्राची एक्सयूव्ही ३ एक्सओ, बोलेरो आणि बोलेरो निओ या गाड्या २०२५ मध्येही डिझेल इंजिनासह विकल्या जात होत्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी छोट्या डिझेल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के उपकर लागत असे. म्हणजे निवड करायला आजही वाव आहे. प्रश्न एवढाच, की आपण करावी का?

दोन घरे, दोन रस्ते

दोन घरे डोळ्यांसमोर आणा. पहिले घर पुण्यात, कोथरूडमध्ये. वडिलांची कचेरी सहा किलोमीटरवर, मुलीची शाळा दोन किलोमीटरवर. रोज सकाळी गाडी सुरू होते, दोन सिग्नलांवर थांबते, शाळा येते. मग पुन्हा गर्दी, मग कचेरी. संध्याकाळी भाजी आणि क्लास. वर्षातून दोनदा सांगलीची फेरी. सगळे धरून महिन्याचे साधारण ६०० किलोमीटर होतात.

दुसरे घर नाशिकचे. आई सिन्नरला नोकरीला. जाऊन-येऊन रोजचे सुमारे ६० किलोमीटर, तेही बहुतेक मोकळ्या महामार्गावर. महिन्यातून एखादी गावाची खेप. महिन्याचे साधारण १५०० किलोमीटर होतात.

दोन्ही घरांचे उत्पन्न सारखे, माणसे सारखी, हौसही सारखी. दोघांनी एकाच शोरूममधून एकच डिझेल गाडी घेतली, तर नाशिकच्या घरात ती लक्ष्मीच्या पावलांनी येईल. कोथरूडच्या घरात मात्र तीच गाडी पाहुण्यासारखी वागेल. दिसायला छान, पण घरातल्या कामाला न रुळणारी. असे का, ते आता पैशांच्या आणि मग यंत्राच्या भाषेत पाहू.

हिशेब असा मांडा

हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. तुम्ही आपापल्या गावचे भाव घाला. पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर जाते आणि तशीच डिझेल गाडी १८ किलोमीटर, असे समजू. हे आकडे मुद्दामच साधे धरले आहेत. जाहिरातीतले मायलेज हे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, ठरावीक पद्धतीने घेतलेल्या चाचणीतले असते. तिथे ना रिक्षा आडवी येते, ना सिग्नल लागतो.

आता पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ८ रुपये पडतात आणि डिझेलला ५ रुपये ६ पैसे. बचत झाली २ रुपये ९४ पैशांची.

पण डिझेल गाडी घेतानाच महाग असते. तोच प्रकार, त्याच सोयी असलेली पेट्रोल गाडी शेजारी ठेवून दोन्हींचे रस्त्यावर येईपर्यंतचे दर लिहून घ्या. यात पथकरही धरा, कारण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के कर लागतो, डिझेलवर १३ टक्के. समजा हा सगळा फरक सव्वा लाखाचा आला. तो कर्जाऊ घेतला, ९ टक्के व्याजाने, पाच वर्षांसाठी, तर फेडताना सुमारे १ लाख ५५ हजार ७०० रुपये होतात. डिझेलच्या देखभालीचे वर्षाला तीन हजार जास्त धरू.

कोथरूडच्या घराची गाडी वर्षाला ७,२०० किलोमीटर धावते. इंधनात साधारण २१ हजार १७० रुपये वाचतात, देखभालीचे वजा जाता १८ हजारांच्या आसपास उरतात. जास्तीचे पैसे भरून निघायला साडेआठ वर्षे लागतील! नाशिकच्या घराची गाडी वर्षाला १८ हजार किलोमीटर धावते. वजावट करूनही जवळजवळ ५० हजार रुपये उरतात. त्यांचे पैसे सुमारे तीन वर्षांत वसूल, आणि त्यापुढची बचत निव्वळ हातात.

म्हणून शोरूमला जाण्याआधी एक महिना एवढेच करा. स्वयंपाकघरातल्या दुधाच्या हिशेबाशेजारी एक वही ठेवा. गाडी बाहेर गेली की किती किलोमीटर गेली आणि वाटेत सलग मोकळा रस्ता किती मिळाला, हे लिहा. अजून गाडीच नसेल तर स्कूटर, रिक्षा, बस यांनी केलेल्या फेऱ्या लिहा. महिन्याअखेर ही वही जे सांगेल, ते कोणताही विक्रेता सांगणार नाही.

गाळणीत अडकलेली काजळी

पैशांचे एकवेळ सोडून देऊ. "आम्हाला डिझेलची ताकद आवडते, चार पैसे जास्त गेले तरी चालेल," असे म्हणणारी माणसेही असतात. त्यांनी पुढची गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. बीएस-६ डिझेल गाडीत खरी गोम हीच आहे.

या गाड्यांच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. इंजिनातून येणारी काजळी ही गाळणी अडवते, म्हणूनच आजच्या डिझेल गाडीमागे पूर्वीसारखा काळा धूर दिसत नाही. पण चहाची गाळणी जशी चोथ्याने भरते, तशीच हीही भरते. फरक एवढाच, की ती झटकून साफ करता येत नाही. आत साठलेली काजळी जाळावी लागते आणि त्यासाठी गाळणीचे तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या घरात जावे लागते.

गाडी हे काम स्वतःच करते, पण त्यासाठी तिला सलग धावू द्यावे लागते. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगाने गेलात, की काम फत्ते. रोज सिन्नरला जाणाऱ्या बाईंना हे कधी कळतही नाही. कोथरूडच्या घरात मात्र गाडी तापते न तापते तोच शाळा येते. काजळी जाळायला सुरुवात होते आणि कोणीतरी चावी फिरवून गाडी बंद करते. असे पुन्हा पुन्हा झाले, की समोर पिवळा दिवा लागतो. काजळी जाळण्यासाठी टाकलेले जास्तीचे डिझेल जळत नाही, ते इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. दिव्याकडे दुर्लक्ष करत राहिलात, तर गाडीची ताकद कमी होते आणि वर्कशॉपची पायरी चढावी लागते. गाळणी बदलण्याची पाळी आलीच, तर तो खर्च वर्षभराची इंधन-बचत गिळून टाकतो.

असा दिवा लागला तर घाबरू नका. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत त्याचे चित्र आणि उपाय दोन्ही दिलेले असतात. बहुधा मोकळ्या रस्त्यावर एक लांब चक्कर मारून आणले, की दिवा विझतो. पण अशी चक्कर दर आठवड्याला मुद्दाम मारावी लागत असेल, तर गाडी आपल्यासाठी आहे की आपण गाडीसाठी, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

एक गोष्ट अजिबात करू नका. "साहेब, ती गाळणीच काढून टाकू, कटकट संपेल," असे सांगणारे मेकॅनिक भेटतात. ही गाळणी आपल्याच मुलांच्या फुफ्फुसांसाठी आहे. ती काढणे बेकायदेशीर आहेच, शिवाय वॉरंटीवरही पाणी सोडावे लागते.

काही डिझेल गाड्यांमध्ये डीईएफ नावाचे युरिया मिसळलेले पाणीही वेगळ्या टाकीत भरावे लागते. ती टाकी कोरडी पडली, तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. तुम्ही घेत असलेल्या मॉडेलमध्ये ते लागते का, किती किलोमीटरला लागते आणि जवळपास कुठे मिळते, हे आधीच विचारून घ्या.

घाटात कळते मोल

आता डिझेलच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पाच माणसे, डिकीत बॅगा, वर आंब्याच्या पेट्या, एसी सुरू, आणि समोर कुंभार्ली किंवा आंबोलीचा घाट. इथे डिझेल इंजिनाची खरी किंमत कळते. नेक्सॉनचेच उदाहरण घ्या. तिच्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारी पिळाची ताकद, १७० न्यूटन-मीटर आहे. डिझेलचा २६०. महत्त्वाचे म्हणजे ही पूर्ण ताकद डिझेलमध्ये दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच मिळू लागते. त्यामुळे इंजिन न ओरडता, सारखे गिअर न बदलता गाडी भरल्या ओझ्याने वर चढते. लांबच्या प्रवासात एकदा टाकी भरली, की पंपाकडे लवकर वळावे लागत नाही.

मात्र दीड हजार फेऱ्यांच्या खाली हेच इंजिन जरा आळसावते. ट्रॅफिकमध्ये, चढावर थांबून पुन्हा निघताना, हा आळस चटकन जाणवतो. म्हणून चाचणीची फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर मारून समाधान मानू नका. एखादा उड्डाणपूल, एखादा चढ निवडा आणि सोबत घरच्या चार माणसांना बसवा. रिकाम्या गाडीची चाचणी म्हणजे पाहुणे येण्याआधीच्या घराची पाहणी!

नाव एसयूव्ही असले, तरी यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्याच चाकांना मिळते. उंची असल्याने खड्डे आणि गतिरोधक त्या सहज ओलांडतात, पण पावसाळ्यातल्या शेताच्या चिखलात त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. रोजचा रस्ताच कच्चा असेल, तर मागच्या चाकांना शक्ती देणारी बोलेरो किंवा बोलेरो निओ जास्त उपयोगी पडते. त्यांची बांधणी ट्रकसारख्या शिडीच्या सांगाड्यावर केलेली असते. त्या बदल्यात शहरातला आराम थोडा कमी होतो.

आजींना आधी बसवा

गाडी निवडताना आपण बहुधा पुढच्या सीटवर बसून पाहतो. घरातला अर्धा प्रवास मात्र मागच्या सीटवर होतो. म्हणून गाडी बघायला जाताना आजी-आजोबांना बरोबर न्या आणि त्यांना सगळ्यात आधी मागे बसवा. सीट कमरेच्या उंचीला आली, तर ना वाकावे लागते ना चढावे लागते. काही गाड्या इतक्या उंच असतात, की साडी नेसलेल्या वयस्क बाईंना पाय उचलून आत ठेवताना त्रास होतो. दाराचा कोन किती उघडतो, धरायला दांडी आहे का, हेही पाहा.

मागे तिघे बसणार असतील, तर तिघांना खरोखर बसवून पाहा. चार मीटरची मर्यादा असल्याने मधल्या माणसाची अडचण होतेच. त्याला तीन बिंदूंचा पट्टा आणि डोक्यामागे आधार आहे का, ते तपासा. या वर्गात डिकी साधारण साडेतीनशे ते चारशे लिटरची असते. पण लिटरांवरून काही कळत नाही. घरची सर्वांत मोठी बॅग आणि बाळाची गाडी सोबत न्या आणि आत ठेवून पाहा. विक्रेता हसेल, हसू द्या.

सनरूफपेक्षा आधी हे पाहा

सुरक्षेच्या बाबतीत आज ग्राहकाच्या हातात पूर्वीपेक्षा जास्त माहिती आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप ही चाचणीही सुरू झाली. २०२४ मध्ये नेक्सॉन आणि एक्सयूव्ही ३ एक्सओ या दोघींना तिथे पाच तारे मिळाले. तुमच्या पसंतीच्या गाडीची चाचणी झाली आहे का, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे किती तारे मिळाले, हे विक्रेत्याला विचारा.

सनरूफसाठी वरचे मॉडेल घ्यावेसे वाटते. मुले हट्ट धरतात. पण त्याआधी गाडी घसरू नये म्हणून आवरणारी ईएससी यंत्रणा, सहा एअरबॅग आणि लहान मुलांची सीट घट्ट बसवण्यासाठी लागणारे आयसोफिक्सचे हूक आपल्या मॉडेलमध्ये आहेत, याची खात्री करा. आणि धावत्या गाडीत मुलांना सनरूफमधून उभे करू नका. ती हौस जिवावर बेतू शकते.

चावी कुणाच्या हातात?

गाडी घरात किती जण चालवणार, हाही प्रश्न महत्त्वाचा. शहरात रोज तासभर रखडत चालवायची असेल, तर डिझेलचा जड क्लच पायाला नकोसा होतो. मग ऑटोमॅटिकचा विचार येतो. पण 'ऑटोमॅटिक' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. नेक्सॉन आणि ३ एक्सओच्या डिझेलमध्ये एएमटी मिळते. ती म्हणजे साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअरचे काम यंत्र करते. ती स्वस्त असते, मायलेजही राखते, पण गिअर बदलताना हलकासा हेलकावा जाणवतो. सॉनेटच्या डिझेलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर प्रकारची ऑटोमॅटिक मिळते. ती लोण्यासारखी चालते, पण किंमतही तशीच मोजावी लागते. दोन्ही प्रकार चढावर चालवून पाहा आणि मगच ठरवा. घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त चालवणार, तिने आधी चालवून पाहावी. अनेक घरांत ती व्यक्ती आई असते आणि चाचणीची फेरी मात्र बाबा मारून येतात!

घरातल्या सर्वांना आणखी एक सवय लावा. पंपावर गेल्यावर काच खाली करून स्पष्ट सांगायचे, "डिझेल!" चुकून पेट्रोल भरले गेले, तर गाडी सुरू करायची नाही, चावीही फिरवायची नाही. वर्कशॉपला फोन करून टाकी रिकामी करून घ्यायची. न सुरू केलेल्या गाडीचे नुकसान थोड्यात निभावते. सुरू केली, तर इंधनपंप आणि इंजेक्टर यांच्यावर बेतते.

दहा वर्षांनंतर काय?

गाडी आपण दहा-पंधरा वर्षांसाठी घेतो. त्यामुळे पुढचाही विचार हवा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयासमोर आला. पुढे काय घडेल, याचे भाकीत कोणी करू नये. मात्र दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या भागांत राहणाऱ्या किंवा तिथे बदली होण्याची शक्यता असलेल्या मराठी कुटुंबांनी डिझेलबाबत दोनदा विचार करावा. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथल्या वाचकांनी आपापल्या राज्याचा पथकर आणि इंधनाचे भाव पाहून वरचा हिशेब पुन्हा मांडावा.

आणि वहीने 'नाही' सांगितले तर? वाईट वाटून घेऊ नका. उंच गाडीची हौस डिझेलशिवायही भागते. यातल्या बहुतेक गाड्या पेट्रोलवर मिळतात. नेक्सॉन सीएनजीवर आणि विजेवरही मिळते. रोजच्या छोट्या फेऱ्यांना हे पर्याय अधिक मानवतात. वर्षातून दोनदा सांगलीला जाण्यासाठी वर्षभर डिझेलची निगा राखण्यापेक्षा, त्या दोन फेऱ्यांना पेट्रोलचे दोन-तीन हजार जास्त मोजलेले केव्हाही परवडते.

जाण्याआधी हे तपासा

• महिन्याला १२०० ते १५०० किलोमीटरांहून कमी धावणार असाल, तर डिझेलची बचत हाती लागायला बरीच वर्षे लागतात.
• आठवड्यातून निदान एक-दोनदा सलग वीस-पंचवीस मिनिटांचा मोकळा रस्ता मिळतो का?
• पेट्रोल आणि डिझेलच्या किमतीतला फरक कर, विमा आणि व्याजासह लिहून काढला का?
• काजळीची गाळणी चोंदली, तर वॉरंटीत काय बसते आणि काय नाही, हे लेखी विचारले का?
• डीईएफ लागते का? कोणत्या दर्जाचे ऑइल लागते?
• पाच माणसे बसवून, एसी लावून, चढावर चाचणी घेतली का?
• आजी-आजोबा मागच्या सीटवर विनासायास बसले का?
• डिझेल गाडी जुनी घेत असाल, तर सर्व्हिसच्या नोंदी आणि गाळणी जागेवर आहे की नाही, हे भरवशाच्या माणसाकडून पाहून घेतले का?

पुढच्या रविवारी जेवणानंतर हा विषय पुन्हा निघाला, तर वाद घालू नका. वही मध्ये ठेवा. आजोबांना आकडे वाचायला द्या, सूनबाईंना हप्त्याची बेरीज करू द्या आणि मुलाला मोकळ्या रस्त्याच्या फेऱ्या मोजू द्या. वहीत लांब रस्ते दिसले, तर निर्धास्तपणे डिझेलची चावी घ्या, ती गाडी वर्षानुवर्षे इमानाने साथ देईल. वहीत नुसतीच शाळा, भाजी आणि सिग्नल असतील, तर दुसरी गाडी पाहा. वाचलेल्या पैशांत त्या दोन सांगलीच्या फेऱ्या तर होतीलच, आजींच्या गुडघ्यांचे औषधही निघेल.